चॅटबॉट श्रेयनामावलीत चुकीची नावं भरतो तेव्हा काय करायचं

धुळ्यातले आम्ही चार-पाच जण खान्देशशी नातं असलेल्या चित्रपटांची यादी करतोय. इथल्या लेखक-कवींच्या लेखनावरचे चित्रपट, इथल्या घरांतून गेलेल्या कलाकारांचे चित्रपट आणि सीडीच्या काळात गावोगावी निघालेले अहिराणी चित्रपट असे तिन्ही त्यात आहेत. नुसती नावं गोळा करायची नाहीत, प्रत्येक चित्रपटाची पूर्ण श्रेयनामावली हवी: कथा, पटकथा, संवाद, छायाचित्रण, संकलन, रंगभूषा, वेशभूषा, अगदी साहाय्यकांपर्यंत.

पहिल्या खेपेला आम्ही सोपा रस्ता धरला. चॅटबॉटला चित्रपटाचं नाव दिलं आणि तक्ता मागितला. मिनिटभरात सगळे रकाने भरून आले, इतके नीटनेटके की शंका घ्यावीशी वाटली नाही. त्यावरून सोळा पानी पुस्तिका छापली आणि एका कार्यक्रमात टेबलावर मांडली. दुपारी एक बाई आल्या, पान उलटलं, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई काम मन्हा बापनं शे. नाव दुसरानं कसं?" एका अहिराणी चित्रपटाची रंगभूषा त्यांच्या वडिलांनी केली होती. आमच्या तक्त्यात तिथे मुंबईतल्या एका नावाजलेल्या रंगभूषाकाराचं नाव होतं. त्या माणसाचा या चित्रपटाशी काडीचा संबंध नव्हता. बाईंनी दुसऱ्या दिवशी घरून सीडीचं कव्हर आणलं. मागच्या बाजूला, किमतीच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत वडिलांचं नाव होतं.

उरलेल्या प्रतींमध्ये आम्ही शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली आणि पूर्ण यादी पहिल्यापासून तपासायला घेतली. तीच चूक वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा सापडत गेली. असं काम करणाऱ्या प्रत्येकाला ती सापडणारच, म्हणून लक्षणं, कारणं आणि आम्हाला लागू पडलेले उपाय इथे सविस्तर लिहितोय.

आधी लक्षण ओळखा

एकच प्रश्न दोन नव्या संवादांत, म्हणजे चॅटबॉटशी नव्याने उघडलेल्या दोन चॅटमध्ये, विचारा. 'सैराट'चं संगीत कुणाचं, संकलन कुणाचं असं विचारलंत तर दोन्हीकडे अजय-अतुल आणि कुतुब इनामदार हीच नावं येण्याची शक्यता मोठी, कारण २०१६च्या त्या चित्रपटावर अमाप लिहिलं गेलंय. आता तोच प्रश्न सीडीवर निघालेल्या एखाद्या अहिराणी चित्रपटाबद्दल विचारा. आम्हाला दोन संवादांत दोन वेगळे संकलक मिळाले, आणि दोन्ही वेळा तितक्याच खात्रीने. उत्तराच्या सुरात काहीच फरक नव्हता. सुरावरून खरंखोटं कळत नाही, हे आम्हाला तिथे पहिल्यांदा नीट उमगलं.

यामागे यंत्राच्या कामाची पद्धत आहे. चॅटबॉटच्या पोटात चित्रपटांची नोंदवही नसते. आधीच्या मजकुराला जोडून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशोबाने तो एकेक तुकडा लिहीत जातो. ज्या चित्रपटाबद्दल त्याने हजार वेळा वाचलंय, तिथे शक्यता आणि वस्तुस्थिती जुळतात. ज्याच्याबद्दल काहीच वाचलेलं नाही, तिथेही शक्यतेचा हिशोब थांबत नाही, आणि मग त्या कामासाठी सगळ्यात जास्त वेळा छापलं गेलेलं नाव वर येतं. मोठं नाव लहान नावाला गिळतं ते असं. आमच्या त्या बाईंच्या वडिलांचं नाव इंटरनेटवर कुठेच नव्हतं, मग ते येणार कुठून? आणि तक्त्यात 'रंगभूषा' हा रकाना आम्हीच ठेवला होता. रिकामा रकाना त्याच्यापुढे ठेवला की तो भरतोच.

"नक्की का?" असं विचारू नका

शंका आली की सगळे हेच करतात, आम्हीही केलं. चॅटबॉट लगेच माफी मागतो आणि दुसरं नाव देतो. मुद्दाम बरोबर उत्तरावर हाच प्रश्न विचारून पाहा, कित्येकदा तो तेही बदलतो. तुमच्या प्रश्नातून त्याला एवढंच कळतं की समोरच्याला उत्तर पटलेलं नाही, म्हणून तो वेगळं काही शोधतो. तपासणी यात कुठेच होत नाही. शंका असेल तर नवा संवाद उघडा आणि आधीच्या उत्तराचा उल्लेख न करता विचारा. दोन उत्तरं वेगळी आली तर दोन्ही बाद करा. सारखी आली तरी ती फक्त तपासायच्या रांगेत पुढे गेली, एवढंच समजा.

एक नाव, अनेक माणसं

मराठी चित्रपटांत हा घोळ फार आहे आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. संगीतकार वसंत देसाई, वसंत पवार आणि वसंत प्रभू हे तिघे वेगळे. त्यात कवी वसंत बापट आणि लेखक वसंत सबनीस. जुन्या पोस्टरवर 'संगीत : वसंत' एवढंच वाचता येत असेल आणि आडनाव फाटलं असेल, तर चॅटबॉट स्वतःच आडनाव जोडून टाकतो. 'सुलोचना' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुलोचना लाटकर येतात, पण लावणीच्या सुलोचना चव्हाण वेगळ्या आणि मूकपटांच्या काळातल्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स आणखी वेगळ्या. शांतारामबापूंच्या 'शेजारी'तल्या जयश्री निराळ्या, 'सांगत्ये ऐका'तल्या जयश्री गडकर निराळ्या. पडद्यावर नुसतं 'जयश्री' असेल तर तक्त्यातही नुसतं 'जयश्री'च लिहायचं, आणि त्या कोण हे दुसऱ्या रकान्यात, पुरावा मिळाल्यावर.

आमच्याकडे तर दर दुसरं आडनाव पाटील, नाहीतर चौधरी. सीडीच्या कव्हरवर आद्याक्षरं आणि पुढे पाटील. चॅटबॉटला ती आद्याक्षरं फोडायची भारी हौस. त्याला सापडलेला त्या आद्याक्षरांचा प्रसिद्ध पाटील तो बसवतो आणि कोणी शिक्षक, पुढारी किंवा कुस्तीगीर आपल्या यादीत छायाचित्रकार होऊन बसतो.

चित्रपटांच्या नावांचंही तेच. 'श्यामची आई' हा अमळनेरकरांना जवळचा विषय, साने गुरुजींनी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं. या नावाचा एक चित्रपट आचार्य अत्र्यांचा, १९५३चा. वनमालाबाई आई, माधव वझे श्याम, संगीत वसंत देसाईंचं. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. दुसरा सुजय डहाके यांचा, २०२३चा. आम्ही वर्ष न देता विचारलं तेव्हा दोन्हींची नावं एकाच तक्त्यात मिसळून आली. त्यातलं प्रत्येक नाव सुटं पाहिलं तर खरंच होतं, म्हणून चूक पटकन दिसली नाही. तेव्हापासून नाव, वर्ष आणि दिग्दर्शक या तीन गोष्टी एकत्र असल्याशिवाय आम्ही कुठलीही नोंद उघडत नाही. 'उंबरठा'चा हिंदी अवतार 'सुबह'. स्मिता पाटील दोन्हींत, दिग्दर्शक जब्बार पटेल दोन्हींचे, पण गीतं आणि संवादांची श्रेयं एकाची दुसऱ्याला चिकटवायची नाहीत. दोन भाषा म्हणजे दोन नोंदी.

पडद्यावरचं नाव आणि खरं नाव

लता मंगेशकरांनी 'आनंदघन' या नावाने संगीत दिलं, 'साधी माणसं' हे त्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. चॅटबॉटला श्रेयनामावली 'स्वच्छ' करायला सांगितली की तो 'आनंदघन' खोडून 'लता मंगेशकर' लिहितो. माहिती म्हणून चूक नाही, पण पडद्यावर काय छापलं होतं याचा पुरावाच पुसला जातो. म्हणून दोन रकाने हवेतच: 'छापील नाव' आणि 'व्यक्ती'. अजय-अतुल एक श्रेय की दोन, हाही प्रश्न याच दोन रकान्यांत सुटतो. छापील नाव एक, व्यक्ती दोघं.

एक प्रसंग मला फार लागला. अनंत माने यांच्या १९६१च्या 'मानिनी'मध्ये बहिणाबाई चौधरींची गाणी आहेत, संगीत वसंत पवारांचं. आमचा तक्ता तपासायला दिला तेव्हा चॅटबॉटने बहिणाबाईंच्या नावापुढे खूण केली: या कवयित्रीचं निधन १९५१चं, चित्रपट १९६१चा, तेव्हा गीतकार दुसरं कोणीतरी असावं. वर नावही सुचवलं. हिशोब वरवर बरोबर दिसतो, पण कविता कवीच्या मागे उरते, हे त्याने धरलंच नाही. बहिणाबाईंच्या कविता पुस्तकरूपाने आल्या त्याच मुळी १९५२मध्ये, त्या गेल्यावर. तपासणीसाठी म्हणून त्याच्या हाती दिलेला तक्ता असा बरोबर असलेला बिघडूनही परत येतो. आता आम्ही त्याला दुरुस्ती करू देत नाही. 'शंका' असा वेगळा रकाना देतो, तिथे त्याने काय हवं ते लिहावं, मूळ नोंदीला हात लावायचा नाही.

खरा उपाय: त्याला विचारू नका, वाचायला द्या

आठवणीतून सांगायला लावलं की चॅटबॉट रचतो. समोर कागद ठेवला की बऱ्यापैकी वाचतो. आमची अख्खी पद्धत आता यावर उभी आहे.

कागद म्हणजे काय? सगळ्यात वरचा पुरावा चित्रपटातली नावांची पाटी. व्हीएलसी प्लेअरमध्ये इंग्रजी 'ई'ची कळ दाबली की चित्र एकेक फ्रेमने पुढे सरकतं. यूट्यूबवर चित्र थांबवून पूर्णविरामाच्या कळीने एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाच्या कळीने एक मागे. शेवटची नावं सरकत वर जातात तेव्हा मधली ओळ हमखास निसटते, म्हणून प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राची शेवटची ओळ पुन्हा आली पाहिजे असं धरून चित्रं टिपायची. त्याखालोखाल गाण्यांची पुस्तिका. थिएटरबाहेर मिळायची ती, कथासार आणि गाणी असलेली. भुसावळ हे सेंट्रल सर्किटमधल्या, म्हणजे मध्य भारताकडच्या विभागातल्या, चित्रपट वितरणाचं जुनं केंद्र, त्यामुळे आपल्या भागातल्या घरांत, रद्दीच्या दुकानांत अशा पुस्तिका आणि पोस्टरं अजून निघतात. मग पोस्टर, सीडीचं कव्हर, वर्तमानपत्रातली जाहिरात. सेन्सॉर प्रमाणपत्रावर नाव, भाषा, लांबी असं मिळतं, वर्ष ठरवायला ते उपयोगी, पण कारागिरांची नावं तिथे शोधू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं काम १९६४पासूनचं आहे, २०२२पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अखत्यारीत आहे. मुख्य प्रवाहातल्या जुन्या चित्रपटांसाठी तिथे विचारणा करणं सार्थकी लागतं. गावातल्या सीडीच्या चित्रपटांसाठी मात्र गावातच फिरावं लागतं.

चित्र देताना आम्ही हा मजकूर जोडतो, जसाच्या तसा घ्या:

"सोबतच्या छायाचित्रात जे छापलं आहे तेच, ओळीने, जसंच्या तसं उतरव. न वाचणाऱ्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाक. नाव पूर्ण करू नकोस, आद्याक्षरं फोडू नकोस, शुद्धलेखन सुधारू नकोस. छायाचित्रात नसलेलं काही लिहू नकोस. एखादं काम छापलेलं नसेल तर 'छापील नाही' असं लिही."

यात एक खुबी आम्हाला उशिरा कळली. चित्राबरोबर चित्रपटाचं नाव सांगायचं नाही. नाव कळलं की तो अर्धं चित्रातून वाचतो आणि अर्धं आठवणीतून भरतो, आणि पुसट अक्षरं नेमकी आठवणीतून भरली जातात. नाव न सांगता दिलं की प्रश्नचिन्हं वाढतात. ती वाढलेली बरी, ती प्रामाणिक आहेत.

प्रत्येक घाणीत, म्हणजे एका वेळी दिलेल्या चार-पाच चित्रांत, आम्ही एक सापळा ठेवतो. चित्रात संकलकाचं नाव नाही हे आम्हाला माहीत असतं, तरी संकलक कोण ते विचारतो. 'छापील नाही' आलं तर पुढे जायचं. नाव आलं तर तो पूर्ण संवाद टाकून द्यायचा, बरोबर दिसणाऱ्या ओळींसकट. एकदम पन्नास चित्रपट देऊन पाहिले होते. मधल्या कुठल्यातरी ओळीपासून नावं एक घर खाली सरकली आणि पुढचे सगळे चित्रपट शेजाऱ्याच्या नावांवर गेले. म्हणून थोडं थोडं द्या आणि परत आलेल्या ओळी स्वतः मोजा.

लिपीचा आणि बोलीचा घोळ

इंग्रजी संकेतस्थळावरून आलेली नावं देवनागरीत फिरवली की ळ आणि ण यांचा जीव जातो. काळे यांचे काले होतात, खळे यांचे खले. दाते की दाटे की डाटे, हे रोमन अक्षरांवरून कुणालाच ठरवता येत नाही, चॅटबॉट मात्र ठरवतो. रोमनवरून घेतलेल्या प्रत्येक नावापुढे आम्ही खूण ठेवतो आणि मराठी छापील पुरावा मिळेपर्यंत ती काढत नाही.

अहिराणीचं दुखणं आणखी वेगळं. आपल्या बोलीत षष्ठीला ना, नी, नं लागतं. चॅटबॉटला ती मराठीची चूक वाटते. 'गावना' लिहिलेलं तो 'गावाचा' करतो, 'मन्हा'चं 'माझा' करतो, 'आंडोर' असेल तर 'मुलगा' करतो. चित्रपटाचं नावच बदललं तर पुढे कोणाला तो शोधता येणार? यासाठी सूचनेत 'भाषा अहिराणी आहे, प्रमाण मराठीत बदलू नकोस' ही ओळ घालावीच लागते, आणि तरीही शीर्षक हाताने तपासावं लागतं. तक्त्यात भाषेचा संकेत लिहीत असाल तर अहिराणीला आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे, ए-एच-आर. सगळं मराठीच्या खात्यावर टाकू नका. हा आग्रह मी मुद्दाम धरतोय. नोंदच झाली नाही तर अहिराणीत किती चित्रपट निघाले हे कधी मोजताही येणार नाही.

दुवे आणि ओळख क्रमांक

इंटरनेटवर शोध घेणारा चॅटबॉट वापरला तर थोडं बरं, कारण तो दुवा देतो. पण दुवा उघडून त्या पानावर ते नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कित्येकदा पान खरं असतं, नाव तिथे नसतं. दोन संकेतस्थळांवर एकच चूक सापडली तर बहुतेक एकाने दुसऱ्याचं उतरवलेलं असतं, ते दोन साक्षीदार धरायचे नाहीत.

आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळाचा टीटीने सुरू होणारा क्रमांक किंवा विकिडेटा या विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसाठ्याचा क्यू क्रमांक चॅटबॉटकडून कधीच घेऊ नका. अंकांचा आकार बरोबर असतो, आणि उघडलं तर भलताच चित्रपट निघतो. हे क्रमांक त्या त्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः उचला. विकिडेटावर दिग्दर्शकासाठी पी-५७, कलाकारांसाठी पी-१६१, संगीतकारासाठी पी-८६, संकलकासाठी पी-१०४० असे ठरलेले गुणधर्म आहेत. आपल्या तक्त्याचे रकाने आधीच त्यांच्याशी जुळवून ठेवले तर नंतर नोंदी चढवणं सोपं जातं. कलाकाराच्या रकान्यात एका माणसाला दोन भूमिका देता येतील अशी सोय ठेवा. फाळक्यांच्या १९१७च्या 'लंका दहन'मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही होते. आमच्या पहिल्या तक्त्यात ही सोय नव्हती, आणि चॅटबॉटने 'दुहेरी नोंद' म्हणून एक भूमिका उडवली होती.

सध्या आमच्या तक्त्यात सहा रकाने आहेत: छापील काम, छापील नाव, व्यक्ती, पुरावा, शंका, तपासणाऱ्याची सही. पुराव्यात मिनिट-सेकंद किंवा पुस्तिकेचं पान. सही दोघांची लागते, आणि दुसऱ्याने पहिल्याची नोंद न बघता चित्रावरून वाचायचं असतं. वेळ लागतो. एका संध्याकाळी दोन-तीन चित्रपट होतात, जास्त नाही.

त्या बाईंच्या वडिलांची ओळ आता पूर्ण आहे. छापील काम 'मेकअप', कारण कव्हरवर तसंच आहे, आम्ही त्याची 'रंगभूषा' केलेली नाही. पुरावा म्हणून सीडीच्या कव्हरची मागची बाजू. त्याच चित्रपटाच्या संकलकाची ओळ मात्र अपुरी आहे. कव्हरची ती कडा फाटलीय, 'संकलन' शब्दानंतर एक 'भ' किंवा 'म' दिसतो आणि पुढे काही नाही. तिथे 'भ/म ?' असंच लिहून ठेवलंय. धुळे, जळगाव, नंदुरबारकडे कोणाच्या कपाटात अशी जुनी कव्हरं, गाण्यांच्या पुस्तिका पडून असतील तर फोटो काढून ठेवा. फ्लॅश बंद करा, गुळगुळीत कागदावर उजेड चमकतो आणि नेमकी बारीक अक्षरं जातात. सकाळी खिडकीपाशी, कागद सपाट ठेवून, चारही कडा चित्रात येतील असा घ्या, आणि मागची बाजू विसरू नका.